एकही डिस्क आढळली नाही

तासगावच्या पुढं, मणेराजुरी रस्त्याला कोल्ड स्टोरेज.
रात्रीचे साडेनऊ. चेंबरात चार अंश, ऑफिसात छत्तीस.
सर्व्हर टेबलाखाली, वर मोरपंखी टॉवेल,
आणि पडदा म्हणतो: एकही डिस्क आढळली नाही.

आढळली नाही?
चार डिस्क माझ्या गुडघ्यासमोर आहेत,
चारही हिरव्या डोळ्यांनी उघडझाप करतायत.
हात लावला तर गरम.
कान लावला तर शेडवरच्या माशीसारखी घरघर.

जिनपाल मगदूम दर दहा मिनिटांनी दारात.
"उद्या सौदे हायत. कुणाचा माल कुठल्या चेंबरला,
समदं ह्यातच हाय."
"बघतोय," मी म्हणतो.
आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना शब्द.

माल जागेवर आहे, कुलूप शाबूत आहे,
फक्त पहारेकऱ्याची बोली आपल्याला येत नाही,
हे त्यांना कसं सांगायचं?
डिस्क आणि मशीन यांच्या मध्ये तळहाताएवढं कार्ड.
त्याला दुभाषा लागतो,
आणि दुभाषा म्हणजे एक फाईल,
फ्लॉपीत मावेल एवढी.

बिलावर कंपनीचं नाव होतं.
त्या नावाचे सात ड्रायव्हर मी सांगलीहून आणले होते.
पहिला: आढळली नाही.
दुसरा, तिसरा: तेच.
चौथ्याला पडदा निळा पडून बसला.
सहाव्याला मात्र डिस्क दिसल्या,
चार सुट्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या,
आणि खाली अदबीनं प्रश्न:
नव्यानं तयार करू का?

बोट एंटरवर होतं.
हो म्हटलं असतं तर तेराशे जणांचा बेदाणा
चेंबरात तसाच राहिला असता
आणि कुणाचाच राहिला नसता.
बोट उचललं. तांब्याभर पाणी प्यालो.
सातवा लावलाच नाही.

मग झाकण उघडलं.
आत गंधकाचा वास, धूळ चिकट, गोडसर.
टॉर्च तोंडात धरून कार्ड पुसलं.
स्टिकर अर्धा उडालेला, उरलेला आकडा
तीन की आठ, देव जाणे.
आणि कार्ड निळं. बिलातलं हिरवं असायला हवं होतं.

तोवर गप्प बसलेली शकीला मुजावर
इनवर्ड रजिस्टर घेऊन आली. बोट ठेवून वाचलं:
"बारा मे. चेंबर दोनचा पंखा बंद.
मिरजेचे सर आले. जुनं कार्ड जळालेलं,
दुसऱ्या कंपनीचं बसवलं.
सीडी दिली, जपून ठेवा म्हणाले. चहा दोन."

"सीडी कुठाय?"
"चेंबर तीन. सँपलच्या रॅकला. लॉट नंबर टाकलाय तिला."
"चार अंशात?"
"तिथं काय खराब होत न्हाई ओ."

शाल गुंडाळून गेली, घेऊन आली.
बाहेर येताच सीडीला घाम फुटला.
पुसायची नाही, ओरखडा पडेल.
म्हणून आम्ही तिघं पंख्याखाली उभे,
मगदूम ती दोन बोटांत कडेनं धरून,
सायीची वाटी धरावी तशी.
वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही.
हायवेला उसाची एक ट्रॉली गेली, गाणी लावून.

आठवा ड्रायव्हर.
पडद्यावर रेघ सरकली, थांबली,
माझाही श्वास तिथंच थांबला,
पुन्हा सरकली.

एक डिस्क आढळली.
चार नव्हे. एक.
तिच्या पोटात सावळजपासून जतपर्यंतची नावं,
हिरवा, पिवळा, काळा, बॉक्स, किलो, चेंबर.

मगदूम खुर्चीत बसले. पहिल्यांदाच.
मूठभर बेदाणा पुढं केला, म्हणाले, "ह्यो माझा न्हवं,
सँपलचा हाय. खावा."

मी झाकणाच्या आतल्या बाजूला
मार्करनं कार्डाचा खरा नंबर लिहिला, मोठा,
पुढच्याला टॉर्च तोंडात धरायला लागू नये एवढा.

शकीलानं रजिस्टर उघडलं. तारीख घातली.
"तुमचं नाव सांगा," म्हणाली.
"मिरजेच्या सरांचं लिहायचं राहून गेलं बघा."
मी सांगितलं.
तिनं पेन थांबवून विचारलं,
वेलांटी पहिली, का दुसरी?